प्रेसची प्रोसिजर

"ती प्रोसिजर परत आणा, साहेब," कामिनी म्हणाली. "आजच."

दिलवरसिंग चहाच्या कपाकडे बघत राहिला. लोणखेड्याच्या या जिनिंग मिलचा तो मेंटेनन्स मॅनेजर. कामिनी त्याच्याच ऑफिसात कॉम्प्युटरवर. तिचा धाकटा भाऊ धीरज इथंच फिटर होता. सत्तावीस दिवसांपूर्वी, शनिवारी, कापसाच्या गठाणी बांधणाऱ्या प्रेसमध्ये तो चिरडला.

आणि याच दिलवरसिंगनं अहवालात लिहिलं होतं: कामगाराने प्रोसिजर पाहिली नाही. कामगाराची चूक.

एका ओळीत पोराचा निकाल लावून मोकळा. प्रकाशा गावी, घरी, लोक बापाला, रतिलालला, समजावायला येत आणि जाताना म्हणत, पोरगं घायकुतं होतं. रतिलालनं डेअरीवर दूध घालायला जाणंसुद्धा सोडलं होतं.

धीरज आणि घायकुता? पाना हातात घेण्याआधी पायरीन् पायरी वाचणारा माणूस. बाकीचे फिटर त्याला 'मास्तर' म्हणून चिडवायचे. त्या दिवशीही त्यानं टॅब उघडून पाहिला होता, जोडीदार चंदननं कामिनीला शपथेवर सांगितलं. यादीत प्रेसची प्रोसिजरच नव्हती. बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबलेल्या. मग तो आठवणीवर आत उतरला.

सॉफ्टवेअरमधल्या प्रोसिजर कंपनीच्या सगळ्या जिनिंगच्या सामायिक. एकीकडून उडवली की लोणखेड्याची जिनिंग काय, खापर गावची काय, सगळीकडून गेली. उडवलेली तीस दिवस कचरापेटीत राहते. परत आणली की कुणी, कधी, कशासाठी उडवली तेही दिसतं. पण ती चावी फक्त मॅनेजरकडं. कामिनीला हे सगळं पाठ होतं. दर शनिवारी डबल झालेल्या प्रोसिजर तीच साफ करायची, तीस-चाळीस. हात मशीनसारखा चालायचा.

"मन्हा भाऊनी चूक नव्हती," ती म्हणाली. ज्यानं उडवली त्याचं नाव ती सोमवारी नंदुरबारच्या चौकशीत ठेवणार होती. मग बापाला ताठ मानेनं डेअरीवर नेणार होती.

"ताई, ऱ्हाऊ द्या."

नाव कळलं म्हणून गेलेला परत येत नाही, असं तो हळू आवाजात सांगत राहिला. तिची नोकरी पक्की करून देतो म्हणाला. कामिनीनं तोंडावर सुनावलं की मेलेल्याच्या अंगावर घाण टाकून स्वतःची खुर्ची वाचवणाऱ्याची भीक तिला नको. प्रोसिजर आणत नसाल तर ती आत्ता गेटवर बसते, बापालाही बोलावून घेते.

त्यानं कप बाजूला सारला. मग पासवर्ड टाकून उठला, खुर्ची तिच्याकडं सरकवली आणि खिडकीशी पाठमोरा उभा राहिला.

चोर, तिला वाटलं. नजर द्यायची हिंमत नाही.

तिनं बटण दाबलं. प्रोसिजर परत आली, चौदाही पायऱ्यांसकट. खाली बारीक अक्षरांत नोंद होती.

उडवली: शनिवार, सकाळी दहा चाळीस. युजर: कामिनी. कारण: धीरजने फोनवर काढायला सांगितली.

तिनं ती ओळ तीनदा वाचली. शब्द तिचेच होते.

"त्यानीच सांगेल व्हतं, साहेब," तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. "मागे प्रेस धडधडी ऱ्हायंती. पण तो म्हणे, ताई, प्रेसनी प्रोसिजर काढ."

दिलवरसिंग वळला नाही.

"तो फोन करे तवय मी त्याना बाजूलेच उभा व्हतू, ताई. तो प्रिंट काढाले सांगी ऱ्हायंता."