गावातलं एकमेव पत्र्याचं घर

आमच्या मलावीत गावात नवीन आलेल्या माणसाने आधी मुखियाला भेटायचं असतं. नव्या शिक्षिका तियामिकेबाईंना पत्र्याचं घर एकच दिसलं. ते मुखियाचंच असणार म्हणून त्या थेट तिकडे गेल्या. अंगणात एक म्हातारा झाडत होता.

"आजोबा, मुखिया आहेत का?"

"मीच तो. आणि हे घर तुमचं, बाई." त्याने किल्ली पुढे केली. "शाळेचे आणि या घराचे पत्रे एका संस्थेने दिले, विटा आम्ही गावाने भाजल्या."

"मग तुमचं घर?"

त्याने मागच्या गवती झोपडीकडे बोट दाखवलं.

"अहो, पत्रे आधी तुमच्या घरावर घालायचे ना."

म्हातारा पुन्हा झाडू लागला. "तीन मास्तर निघून गेले, बाई. माझं छप्पर गळलं तर मी चटई सरकवतो. तुमचं गळलं तर तुम्ही गाव सोडता."