एका गाण्यापुरती सुट्टी

पाथर्डीच्या रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फोडून मालनबाईचे हात भरून आले होते. दुपारी समोरच्या हॉटेलात कलापथकाची रेकॉर्ड लागायची, आणि मुकादम एका गाण्यापुरती सुट्टी द्यायचा. कोणतं गाणं लावायचं, यावरून रोज वाद.

"पैलंच लावा. ढोलकी कशी कडाडती त्यात," गोरक्ष म्हणाला.

"दुसऱ्याची सर न्हाई त्याला. आवाज लई गोड हाय," बनुबाई म्हणाली.

"तिसरं," मालनबाई म्हणाली.

"त्यात तर सुई अडकती. एकच ओळ घोळत बसती," गोरक्ष म्हणाला.

मालनबाईनं हातोडी खाली ठेवली आणि दगडाला पाठ टेकली.

"अडकू दे. गानं संपल्याबिगर मुकादम उठवत न्हाई."