ब्याऐंशी टक्के

माहेरून चार दिवसांनी परतले, तेव्हा रेशीमकिड्यांच्या शेडमधला तुतीचा पाला पापडासारखा वाजत होता आणि अळ्या खात नव्हत्या. कोष विणण्याआधीच सगळी बॅच हातची जाणार होती. "आत्याबाई, खिडक्यांवरची गोणपाटं कोरडी काहून? आकडा सत्तरच्या खाली आला की भिजवा, म्हणले होते ना." सासूबाई शांत होत्या. "खाली आलाच न्हाई. तूच बघ, रोज ब्याऐंशी." हवेतली आर्द्रता मोजायचं नवं मीटर त्यांनी खुंटीवरून काढून दिलं. ते प्लास्टिकच्या पिशवीत होतं, तोंडाला तीन रबरं. पहिल्या दिवसाची ओल आत तशीच कोंडलेली. "धूळ बसू नये म्हून घातलं. महागाची वस्तू." मी मीटर पिशवीतून बाहेर काढलं. आकडा उतरत उतरत एकेचाळीसवर थांबला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "चार दिवस बराबर चालू होतं. तू आली अन् बिघडवलं."