अनुपमाचे किडे

"ज्या घराच्या भिंतीवर विज्ञान चढलं, त्या घराच्या उंबऱ्याशीच अज्ञान थांबतं," असं अमरावतीचे मोरोपंत वकील ज्याला त्याला ऐकवत. मात्र भिंतीवरचं झुरळ चित्रातलं की खरं, हे ते आधी लांबून काठीनं ढोसून पाहत.

किड्यांची ती चित्रं त्यांच्या लेकीनं, अनुपमानं काढलेली होती. मिशीचा केसन्‌केस जागच्या जागी, खाली इंग्रजीत नाव.

अकोल्याहून मुलाची आत्या मुलगी पाहायला येणार म्हणून आईनं शेजारणीचं भरतकाम मांडायला मागून आणलं. अनुपमानं ते परत धाडलं. "मी पसंत पडायची तर यांच्यासकट," ती म्हणाली.

चहापाणी झाल्यावर आत्याबाई उठल्या आणि एकेका चौकटीसमोर थांबत गेल्या. शेवटच्या चौकटीत ढेकूण होता. त्याच्यासमोर त्या दंड खाजवत बराच वेळ उभ्या राहिल्या.

"पोरगी पसंत आहे," त्या वळून म्हणाल्या. "अशी नजर आमच्या घरात कोणालेच नाही. रुखवतात हे सारे किडे मांडा, आमी दिवाणखान्यात लावू."

मोरोपंतांचा ऊर भरून आला.

"फक्त एक करा, वकीलसाहेब. मी बसली होती ती गादी आंदणात देऊ नका."