दोनदा नमस्कार

कारखान्याच्या भरतीत निवडीचा चष्मा घातला की उमेदवारांचे चेहरे पुसले जात, आवाज एकसारखे होत. वशिला लावायची सोयच उरली नव्हती. म्हणून घोरपडेसाहेबांनी भाच्याला बजावलं होतं, "श्रीरंग, लेथ चालू करण्याआधी दोनदा नमस्कार कर. मी ओळखेन."

तीन नंबरने एकदाच नमस्कार केला, पण त्याचं काम साहेब बघतच राहिले. पाच नंबरने घाबरून दोनदा हात जोडले आणि लेथवरचा जॉब बिघडवला. साहेबांनी पाचला घेतलं आणि चष्मा काढला.

पाच नंबरचा अनोळखी पोरगा आनंदाने रडत होता. श्रीरंगच्या छातीवर तीनचा बिल्ला होता.

"खूण का केली नाहीस?"

"वाटलं, मामा, तुम्ही काम बघाल."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.