वाघाचं तोंड

“आमच्या घराण्यात वाघसुद्धा कधी तोंड मिटून बसला नाही!” रावसाहेब गरजले, आणि त्यांची वरची कवळी सुटून समोरच्या पेंढा भरलेल्या वाघाच्या पाठीवर पडली. वाघाची डागडुजी करणाऱ्या सुबराव जिनगरांनी ती पुसून परत दिली. कवळी बसताच राग पुन्हा सुरू झाला.

“डरकाळी फोडणारा वाघ दिला होता तुमच्याकडे! हा तर जेवून, कुणी पान लावून देतंय का बघत बसलाय. संध्याकाळी व्याही येणार, त्यांना हा दाखवू? आमच्या आजोबांनी एकट्यानं मारलेला नरभक्षक आहे तो! आत्ताच्या आत्ता जबडा उघडा!”

“उघडला असता, सरकार. पण दात वाळवीनं खाल्ले.”

“वाळवी दात खाते? मला शिकवता?”

“लाकडाचे खाते,” सुबराव म्हणाले. “आधीच्या कारागिरानं बसवलेले होते. जबड्याच्या हाडात दातांच्या खाचाच बुजलेल्या आहेत; खरे दात वाघाला मरतानाही नव्हते. बोळका होता बिचारा.”

रावसाहेबांनी काठी उगारली. “खोटं! थोबाड फोडीन! तीन पिढ्या आम्ही त्या दातांची गोष्ट सांगतोय!” ओरडता ओरडता कवळी पुन्हा हलली, तसा त्यांनी घाईनं तोंडावर हात धरला. वाघाकडे पाहिलं. तो तोंड मिटून अगदी इभ्रतीनं बसला होता.

काठी खाली आली. त्यांनी दार लोटून घेतलं.

“राहू दे मिटलेलं,” ते हळूच म्हणाले. “तेवढा मिश्यांना जरा पीळ द्या.”