मणक्याचा दाखला

"सही तेवढी करा दाजी, बाकी सगळं मी बघतो," म्हणत मालनच्या भावाने डॉक्टरचा दाखला तिच्या नवऱ्यापुढे सरकवला.

फौजेतून निवृत्त झाला तरी नवऱ्याचं नाव दोन वर्षं राखीव यादीत राहणार होतं. ती मुदत संपायला एक्केचाळीस दिवस उरले असताना परत हजर होण्याचं पत्र आलं. तो जाऊ नये म्हणून भावाला तिनेच बोलावून घेतलं होतं.

"मणका निकामी आहे म्हणे माझा," नवरा दाखला वाचून म्हणाला. "मग आज सकाळी आठ किलोमीटर पळालो, ते कुणाच्या मणक्यावर?"

मालनचा भाऊ खो खो हसला. स्वतःच्या निवडणुकीत याच दाजींना पदकं लावून त्याने जीपवर उभं केलं होतं आणि वाडीवाडीत फिरवलं होतं.

"दादा, आणि यांच्या जागी?" मालनने विचारलं.

"धाडतील कुणाला तरी. खालच्या आळीतला श्रीपती आहेच की यादीत. असल्यांना सवय असते."

इतकी वर्षं या माणसाला आपण ओवाळत आलो, याची तिला किळस आली. त्याहून जास्त स्वतःची आली, कारण तो कागद सहीसाठी पुढे सरकवायला तिचा हात अजूनही जात होता.

तिने हात मागे घेतला आणि नवऱ्याची फौजेतली काळी लोखंडी पेटी उघडली. तो घरी आल्यापासून तिच्यात ज्वारी भरलेली होती.

"ऊठ दादा, पोतं धर, यांची पेटी रिकामी करायचीय," ती म्हणाली. "आणि कपडे मळतील म्हणू नकोस."